संगणकाच्या स्पीकरमधली खरखर: ती येते कुठून आणि घालवायची कशी?

रविवारी सकाळी तुम्ही घरी व्हिडिओ कॉल लावता. तिकडून आई काहीतरी सांगत असते आणि इकडे स्पीकरमधून एकसारखी ‘घूंऽऽ’ चालू असते. आवाज वाढवला की घूंही वाढते. शेवटी वैतागून आपण नवे स्पीकर मागवतो आणि पुष्कळदा तीच घूं नव्या स्पीकरमधूनही ऐकू येते. कारण दोष स्पीकरमध्ये नव्हताच!

म्हणून पैसे खर्च करण्याआधी थोडी तपासणी करूया. पहिला प्रश्न अगदी साधा आहे: हा आवाज तुमच्या बाजूचा आहे की पलीकडचा? कॉल बंद करा. घूं थांबली तर दोष तिकडच्या माइकचा किंवा नेटवर्कचा. तरीही चालू राहिली तर ती तुमच्याच टेबलावरची आहे.

आवाजाचा प्रकार ओळखा

‘सूंऽऽ’ असा पावसासारखा बारीक आवाज येत असेल तर त्यात सगळ्या वारंवारिता मिसळलेल्या असतात. प्रत्येक विद्युतरोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत सैरावैरा हलत असतात आणि त्यातून अगदी सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. १९२० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघेही जन्माने स्वीडनचे आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले, म्हणजे आपल्यासारखेच परदेशस्थ! ॲम्प्लिफायरच्या इतर भागांचीही अशीच कुजबुज त्यात मिसळते. ती पूर्ण घालवता येत नाही, पण कमी नक्की करता येते. संगणकातला आवाज ८० ते ९० टक्क्यांवर ठेवा आणि स्पीकरचे बटण खाली आणा. बरेच लोक नेमके उलटे करतात. मग संगणकाकडून क्षीण संदेश येतो आणि स्पीकर त्याच्यासोबत कुजबुजही मोठी करून ऐकवतो.

‘घूंऽऽ’ असा जाड, एकसुरी आवाज म्हणजे घरातल्या विजेचा आवाज. अमेरिकेत विजेची वारंवारिता ६० हर्ट्झ आहे. भारत, ब्रिटन आणि आखातातल्या बहुतेक देशांत ती ५० आहे, सौदी अरेबियात मात्र ६०. हीच वारंवारिता किंवा तिची दुप्पट, तिप्पट आपल्याला घूं म्हणून ऐकू येते.

‘खर्र, कट्, खर्र’ असा तुटक आवाज बहुधा सैल जॅक, तुटत आलेली वायर किंवा धूळ बसलेले बटण यांच्यामुळे येतो. वायर हलवल्यावर किंवा बटण फिरवताना आवाज आला, तर चोर सापडला. पण फक्त गाणे चालू असतानाच खरखर होत असेल आणि इअरफोनमध्येही तशीच ऐकू येत असेल, तर संगणकाचा ऑडिओ ड्रायव्हर आधी तपासा.

एका वेळी एकच गोष्ट बदला

आता क्रमाने पुढे जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशामुळे आला ते कळत नाही.

१. स्पीकर चालू ठेवा आणि ऑडिओ केबल काढा. ती स्पीकरच्या मागून निघत असेल तर तिथूनच काढा, कारण मोकळे लोंबणारे टोकही थोडी घूं पकडते. तरीही आवाज येत असेल तर दोष स्पीकरमध्ये, त्याच्या ॲडॉप्टरमध्ये किंवा शेजारच्या एखाद्या उपकरणात आहे. स्पीकर राउटर आणि इतर चार्जरपासून दूर नेऊन पाहा.

२. आवाज थांबला असेल तर तीच केबल फोनला लावा. फोन बॅटरीवर असू द्या, चार्जरला नको. आता शांत असेल तर स्पीकर आणि केबल दोन्ही निर्दोष आहेत.

३. पुन्हा लॅपटॉपला जोडा आणि त्याचा चार्जर काढा. चार्जर काढताच घूं थांबली तर दोष विजेच्या जोडणीत आहे.

४. माउस हलवताना किंवा पान सरकवताना ‘किर्र’ ऐकू येत असेल तर संगणकाच्या आतला विद्युत गोंगाट ऑडिओच्या भागात शिरतो आहे. बाहेरून लावायचे छोटे यूएसबी साउंड कार्ड वापरले की हा त्रास बऱ्याचदा जातो.

ग्राउंड लूप म्हणजे काय?

तिसऱ्या चाचणीत सापडणारा हा सगळ्यात फसवा दोष. समजा संगणक एका सॉकेटमध्ये आहे आणि स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटमध्ये. दोघांनाही अर्थिंग आहे. पण दोन्हीकडच्या अर्थिंगचा दाब अगदी सारखा नसतो, किंचित फरक असतो. ऑडिओ केबलची बाहेरची जाळी या दोन टोकांना जोडते आणि एक बंद वर्तुळ तयार होते. त्यातून थोडा प्रवाह वाहू लागतो.

प्रवाह १० मिलिअँपिअर आणि जाळीचा रोध ०.१ ओहम धरला, तर दाब होतो १ मिलिव्होल्ट. आपल्या संगीताचा संदेश साधारण १ व्होल्टचा असतो. म्हणजे घूं हजारात एक भाग. पण शांत खोलीत आपल्या कानांना तेवढीही पुरते.

उपाय दोन आहेत. आधी संगणक आणि स्पीकर एकाच पॉवर स्ट्रिपवर लावा. वर्तुळ लहान होते, दाबातला फरकही कमी होतो आणि कित्येकदा एवढ्यानेच काम होते. नाही झाले तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. संदेश चुंबकीय क्षेत्राच्या मार्गाने पुढे जातो, पण तांब्याची सलग वाट तुटल्यामुळे नको असलेला प्रवाह अडतो.

हे मात्र कधीही करू नका

“तिसरी पिन काढून टाक, घूं जाईल,” असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. अमेरिकेत तीन पिनांचे दोन करणारा छोटा ॲडॉप्टर सहज मिळतो, आपल्याकडे भारतात पिन सरळ मोडून टाकणारेही आहेत. दुर्दैव असे की या युक्तीने घूं खरोखर जाते, म्हणून ती बरोबर वाटते.

प्लग जवळून पाहा. अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते. प्लग घालताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी, अशी ही योजना आहे. उपकरणाच्या आतली जिवंत वायर सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर प्रवाहाला जमिनीकडे जायची वाट ही पिन देते, आणि फ्यूज किंवा ब्रेकर उडतो. पिन नसेल तर पेटी तशीच जिवंत राहते आणि पहिला हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह वाट काढतो. तो हात लहान मुलाचाही असू शकतो.

थोडक्यात, वर्तुळ तोडायचेच असेल तर ते ऑडिओ केबलमध्ये तोडा, विजेच्या प्लगमध्ये नाही. पुढच्या सुट्टीत भारतात गेलात की आईबाबांच्या टेबलामागचे प्लगही एकदा पाहून घ्या. तिथे एखादी पिन मोडलेली आढळली, तर प्लग त्याच दिवशी बदला.