जिंतूरच्या रानातून येलदरीच्या पाण्यापर्यंत

आमच्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी मेहनतीने साफ केली, तेव्हापासून ती पाहायला लांबून माणसं येतात. त्यांच्यात आता सायकलवालेही असतात. गोल उतरत जाणाऱ्या त्या पायऱ्या पाहून झाल्या की ते विचारतात, “इथून पुढे रानातून जायला वाट आहे का?” गावातल्या कॉलेजच्या पोरांनीही जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेतल्यात. सगळ्यांना येलदरी धरणाला जायचं असतं, तेही डांबरी सडक सोडून. म्हणून हे लिहितोय.

वाट खरोखर सुंदर आहे. वालूरच्या शिवारात कापूस, तूर, सोयाबीन आणि सपाट काळं रान. जिंतूरकडे सरकलं की जमीन वर चढते, मुरूम उघडा पडतो, काळा खडक दिसू लागतो. टेकड्यांवर साग, पळस, हिवर अशी विरळ झाडी. परभणी जिल्ह्यात जंगल मुळात थोडं, त्यामुळे एवढंसुद्धा आम्हाला फार मोलाचं. टेकडी उतरली की पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचं पसरलेलं पाणी एकदम समोर येतं.

पावसाळा सरत आला होता. मी, माझा पुतण्या आणि त्याचा मित्र असे निघालो. जाताना मुरमावर चाकं सुरेख पळाली. पाण्याच्या काठाशी पोचलो आणि मागून परतीचा पाऊस आला. तासभर झोडपून थांबला. तेवढ्यात वाट पार बदलून गेली.

काळ्या मातीत शेती करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण सायकलवाल्याला सांगायला हवं. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाऊस पडला की ती चाकाला नुसती लागत नाही, थरावर थर चढवत जाते. मग चिमटा आणि टायर यांच्यामधली जागा भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. पुतण्याच्या मित्राने अंगात जोर होता म्हणून पेडल दाबत ठेवलं. चिखल आणि गवताचा गोळा गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरमध्ये अडकला, डिरेलर स्पोकमध्ये ओढला गेला आणि ज्या लहानशा हँगरवर डिरेलर बसवलेला असतो तो तुटला. हा हँगर बहुधा सायकलच्या मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. आपल्या तालुक्याच्या दुकानात तो मिळेलच असं नाही. रानात जायचं तर आपल्या सायकलचा एक जादा हँगर आणि साखळी तोडायचं हत्यार पिशवीत हवंच. डिरेलर काढून, साखळी लहान करून एकाच गिअरवर घर गाठता येतं.

शेळ्या घेऊन परतणारे एक मामा आम्हाला बघून थांबले. म्हणाले, “ढकलू नका दादा, ढकललं की आजून गच्च बसतंय. खांद्यावर घ्या अन् गवताच्या कडंनी चला.” त्यांचा शब्द अगदी बरोबर होता. गवताच्या मुळांनी माती धरलेली असते, तिथे पाय कमी रुततो. चाकातला चिखल काठीने काढायचा, तोही ओला असतानाच. वाळला की विटेसारखा होतो.

पण खरा घोर पुढेच होता. चिखल धुवायचा म्हणून पुतण्या सायकल घेऊन पाण्याकडे गेला. धरणाचं पाणी वर-खाली होतं आणि उतरलेल्या काठावर गाळ उरतो. वरून त्याला साय धरते, बघणाऱ्याला जमीन घट्ट वाटते. तो चार पावलं गेला आणि मांडीपर्यंत रुतला. ओढून पाय काढायला गेला की दुसरा आणखी खाली. त्याचा मित्र धावत निघाला होता, त्याला मी दंडाला धरून थांबवलं. दोघं रुतले असते तर बाहेर काढणारा एकटाच उरला असता.

पुतण्याला ओरडून सांगितलं, “मागे टेकून बस, पाय झटकू नकोस.” त्याची सायकल गाळावर आडवी पाडायला लावली. तिच्यावर छाती टाकून वजन पसरलं, तशी खाली जायची ओढ थांबली. मग एकेक पाय गोल हलवत, सैल करत, सावकाश वर. आम्ही घट्ट जमिनीवर पालथे पडून टॉवेल फेकला आणि ओढलं. त्याचा बूट गाळातच राहिला. गुडघे थरथरत होते, पण पोरगं हाती लागलं. त्या वेळी भोवती मोबाइलला रेंज नव्हती आणि मामा लांब निघून गेले होते, हे मी कधीही विसरणार नाही.

धरणाच्या खालच्या अंगालाही तितकंच जपायला हवं. येलदरीला वीजनिर्मिती होते आणि इथून सोडलेलं पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात जातं. पाणी सुटलं की वरून कोरडं दिसणारं नदीपात्र बघता बघता भरू शकतं. पाय धुवायला, फोटो काढायला किंवा जवळची वाट म्हणून पात्रात उतरू नये.

काट्यांचं सांगितलं नाही तर हे अपुरं राहील. बाभळीचा काटा सगळ्यांना ठाऊक असतो, पण टायरचा खरा वैरी सराटा. जमिनीलगत पसरलेली पिवळ्या फुलांची वेल, तिची टोकदार फळं चाकाबरोबर वर येतात. अमेरिकेतल्या कोरड्या भागांतही ही वनस्पती पोचली आहे आणि तिथले सायकलवाले तिला आपल्यासारखेच कंटाळलेत. वाटेच्या कडेला सायकल आडवी टाकली की सराटे लागलेच. ट्यूबलेस टायर असेल तर आत सीलंट भरा. नसेल तर दोन जादा ट्यूब, ठिगळं, सोल्युशन आणि पंप. टायरमध्ये रुतलेला काटा बोटाने चाचपून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, तीही फुटेल.

गवतात घोणस आणि फुरसं असतात. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. तो अवयव हलू न देता माणसाला धीर द्या, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून नेण्यात वेळ घालवू नका. झाडाला किंवा कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, दंगा, अत्तर काही नको. आणि राखीव वनात शिरण्याआधी जिंतूरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. कोणती वाट खुली, कुठे कुरण राखलंय, हे वनरक्षकाला माहीत असतं.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. मार्चनंतर ऊन चढतं, पानगळीमुळे सावली जाते आणि वाटेत पाण्याचा ठिकाणा राहत नाही. पहाटे निघा, घरी परतीची वेळ सांगून ठेवा, दोघांपेक्षा जास्त असा. पाऊस होऊन गेला असेल तर काळी माती मुठीत दाबून बघा. हाताला चिकटली तर त्या दिवशी डांबरी रस्त्यानेच येलदरीला जा, आणि पाण्याकडे घट्ट जमिनीवरूनच बघा.