मधल्या स्वरांचा स्पीकर कसा निवडावा?

घरच्या घरी ध्वनिक्षेपकाची पेटी तयार करणाऱ्यांचे पैसे बहुधा दोन गोष्टींवर खर्च होतात : खर्जासाठी लागणारा मोठा थोरला वूफर आणि तारस्वरांसाठी चकचकीत ट्वीटर. या दोघांच्या मध्ये बसणारा मिडरेंज उरलेल्या पैशांत उरकला जातो. मग पेटी वाजू लागली, की डग्ग्याचा घुमारा छातीत जाणवतो, झांजा खणखणतात; पण गवयाचा आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो आणि गाण्याचे शब्द नीट कळत नाहीत. असे का होते आणि ते टाळण्यासाठी बाजारात जाण्यापूर्वी काय पाहावे, याचा विचार या लेखात करू.

प्रथम एक सोपा प्रयोग करा. एकाच पट्टीत आधी 'ऊ' म्हणा आणि मग श्वास न तोडता 'ई' म्हणा. स्वरतंतूंची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, बदललेली नाही. तरी कान दोन्ही स्वर चटकन वेगळे ओळखतात. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला, की वेगवेगळ्या कंप्रतांना अनुस्पंदन मिळते. प्रौढ पुरुषाच्या आवाजात 'ऊ' म्हणताना सुमारे ३०० आणि ८०० हर्ट्‌झच्या आसपास जोर येतो, तर 'ई' म्हणताना सुमारे ३०० आणि २,३०० हर्ट्‌झच्या आसपास. आता २,३०० चा भाग तुमच्या स्पीकरने गिळला, तर 'ई' हा 'ऊ'सारखाच ऐकू येईल! टेलिफोनची जुनी यंत्रणा ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा वाहून नेत असे, तरी बोलणे समजत होते, ते यामुळेच. भाषा मुख्यतः या मधल्या पट्ट्यात राहते.

आपला कानही याच भागात सर्वांत तीक्ष्ण आहे. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत असे दिसले, की सारखाच मोठा वाटण्यासाठी ३,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या आवाजाला सर्वांत कमी दाब पुरतो. साहजिकच या पट्ट्यातील थोडासा दोषही कानाला लगेच खुपतो. वूफरने ४० हर्ट्‌झला केलेली चूक खपून जाते, मिडरेंजची खपत नाही.

एकच स्पीकर का पुरत नाही?

आज आपण वापरतो तो हलत्या वेटोळ्याचा स्पीकर राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली जगापुढे मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटलेला कागदाचा शंकू, म्हणजे कोन. प्रवाह मागेपुढे झाला, की कोन मागेपुढे. तत्त्व इतके साधे आहे. अडचण येते ती आकारामुळे.

कंप्रता निम्मी केली (संगीताच्या भाषेत एक सप्तक खाली उतरलो), तर आवाजाची तीव्रता तेवढीच राखण्यासाठी कोनाला चौपट अंतर हलावे लागते. उदाहरण घ्या. मोठ्या फळीत बसवलेल्या, १० सेंमी परिणामी व्यासाच्या कोनाने १ मीटर अंतरावर ९० डेसिबल आवाज द्यायचा आहे. ३०० हर्ट्‌झला त्याला मध्यस्थितीपासून फक्त ०.१७ मिमी हलावे लागते. तोच आवाज ५० हर्ट्‌झला हवा असेल, तर कंप्रता सहापट कमी, म्हणून अंतर छत्तीसपट : सुमारे ६ मिमी! एवढे हलणे बहुतेक लहान कोनांना झेपत नाही. म्हणून खर्जासाठी मोठा कोन.

मग मोठाच कोन सगळीकडे का नको? येथे तरंगलांबी आडवी येते. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर ३०० हर्ट्‌झची तरंगलांबी १.१५ मीटर आणि ३,००० हर्ट्‌झची ११.५ सेंमी. तरंगलांबी कोनाच्या व्यासापेक्षा बरीच मोठी असेतो आवाज सर्व बाजूंना पसरतो. ती व्यासाएवढी झाली, की टॉर्चच्या झोतासारखा समोरच जाऊ लागतो. दहा इंची वूफरचा परिणामी व्यास २० सेंमीच्या आसपास असतो. म्हणजे सुमारे १,७०० हर्ट्‌झच्या पुढे तो झोत टाकणार. समोर बसलेल्याला गाणे ऐकू येईल आणि कोपऱ्यात बसलेल्या आजीला नुसता ठेका. उलट २५ मिमीचा घुमटाकार ट्वीटर सहसा २,५०० ते ३,००० हर्ट्‌झच्या खाली वापरू नये, अशी स्थिती. मधली ही दरी मिडरेंजने भरायची आहे. (वूफर पाच इंची असेल, तर अशी दरी पडतच नाही. ज्यांना लहान खोलीत माफक आवाजात ऐकायचे आहे, त्यांनी तसा दोन स्पीकरांचा संच करावा. पहिल्या खेपेला मी तोच सुचवीन.)

कोणता आकार?

वरचाच नियम मिडरेंजला लावा. आपल्याला तो ५०० ते ३,००० हर्ट्‌झ एवढा वापरायचा आहे असे समजू. ३,००० ची तरंगलांबी ११.५ सेंमी, म्हणून परिणामी व्यास त्याहून कमी हवा. बाजारात पाच इंची म्हणून मिळणाऱ्या स्पीकरचा परिणामी व्यास साधारण १० सेंमी भरतो, चार इंचीचा ८ सेंमी. दोन्ही चालतील. दुकानातले माप हे चौकटीचे, आणि पुष्कळदा ढोबळ असते. म्हणून पट्टी सोबत न्या आणि कोनाच्या कडेला असलेल्या लवचीक झालरीच्या मध्यापासून समोरच्या झालरीच्या मध्यापर्यंत स्वतः मोजा.

कोनाऐवजी घुमटाकार मिडरेंजही असतात. १९५८ साली अमेरिकेत निघालेल्या एआर-३ या प्रसिद्ध संचात सुमारे ५ सेंमीचा घुमट होता आणि त्याच्याकडे १,००० हर्ट्‌झच्या वरचेच काम सोपवलेले होते. १९७४ च्या सुमारास जपानच्या यामाहाने काढलेल्या एनएस-१००० एम या संचात घुमट ८.८ सेंमीचा असल्यामुळे तो ५०० हर्ट्‌झपर्यंत खाली येऊ शकला. दोन्ही आकडे वरच्या गणिताशी ताडून पाहा : व्यास १.७६ पट, म्हणून क्षेत्रफळ सुमारे तिप्पट, म्हणून त्याच आवाजासाठी हलावे लागणारे अंतर एकतृतीयांश. लहान घुमट विकत घेऊन तो वूफरशी ५०० हर्ट्‌झला जोडणे म्हणजे पोराच्या डोक्यावर धान्याचे पोते देण्यासारखे आहे.

अनुस्पंदन कंप्रता : सर्वांत महत्त्वाचा आकडा

झोक्याला जशी स्वतःची लय असते, तशी कोन आणि त्याच्या स्प्रिंगसारख्या आधारांना स्वतःची अनुस्पंदन कंप्रता असते. माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो. तेथे वेटोळ्याचा विद्युत् विरोध एकदम वाढतो : ८ ओहमचा स्पीकर तेवढ्यापुरता ४० ओहमचा होऊ शकतो.

याचा परिणाम काय? खालच्या कंप्रता अडवण्यासाठी आपण मिडरेंजला एकसर जोडणीत धारित्र, म्हणजे कपॅसिटर, जोडतो. ५०० हर्ट्‌झ आणि ८ ओहम यांसाठी सूत्राने ४० मायक्रोफॅरड येतात (ध्रुवता नसलेला कपॅसिटर घ्यावा). २५० हर्ट्‌झला या कपॅसिटरचा विरोध १६ ओहम. स्पीकर ८ ओहमचाच राहिला असता, तर त्याच्या वाट्याला व्होल्टतेचा ८ ÷ √(८² + १६²), म्हणजे ०.४५ एवढाच भाग आला असता. पण स्पीकरची अनुस्पंदन कंप्रता नेमकी २५० असेल आणि तेथे तो ४० ओहमचा होत असेल, तर? ४० ÷ √(४०² + १६²) = ०.९३. म्हणजे ज्या कंप्रतेला तो सर्वांत सहज डोलतो, तेथे आपला पहारेकरी जवळजवळ झोपलेलाच! डब्यातून आल्यासारखा आवाज बहुधा येथूनच येतो.

म्हणून साधा एका कपॅसिटरचा क्रॉसओव्हर वापरणार असाल, तर अनुस्पंदन कंप्रता क्रॉसओव्हरच्या किमान दोन सप्तके खाली, ५०० साठी १२५ किंवा कमी, असावी. मागून पत्र्याने बंद केलेले स्वस्त मिडरेंज येथेच नापास होतात. त्यांची अनुस्पंदन कंप्रता बरीच वर असते. माझ्या मते नवशिक्याने चांगला पाच इंची, मागून उघडा, लहान वूफर म्हणूनही विकला जाणारा स्पीकर घ्यावा.

माहितीपत्रक नसेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेत हे मोजता येते. ध्वनिवर्धक आणि स्पीकर यांच्यामध्ये १०० ओहमचा रोधक घाला, स्पीकरच्या दोन टोकांना मल्टीमीटर प्रत्यावर्ती व्होल्टतेवर लावा आणि आंदोलकाची कंप्रता ५० पासून हळूहळू वाढवा (हल्ली मोबाइलमधील अॅपही आंदोलकाचे काम करते). काटा किंवा आकडा जेथे सर्वांत वर जाईल, ती अनुस्पंदन कंप्रता. आवाज अगदी लहान ठेवावा.

दुकानातील पाटी आणि पेटीतील जागा

पाटीवरच्या वॉटांना भुलू नका. तो आकडा वेटोळे किती उष्णता सोसेल ते सांगतो. आवाज किती मोठा निघेल ते नव्हे. त्यासाठी संवेदनक्षमता पाहावी लागते : १ वॉट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॉट. मिडरेंजची संवेदनक्षमता वूफरइतकी किंवा किंचित जास्त असावी. वूफर ८८ आणि मिडरेंज ९१ असेल, तर मिडरेंजच्या आधी २.२ ओहम एकसर आणि मिडरेंजला १८ ओहम समांतर जोडले, की जवळजवळ तीन डेसिबल उतरतात. रोधक १० वॉटचे घ्यावेत. मिडरेंज वूफरपेक्षा कमी असेल, तर मात्र तो घेऊ नये. वूफरला रोधक जोडून खाली आणण्याचा प्रयत्न केला, तर खर्ज सैल होतो आणि शक्ती फुकट उष्णतेत जाते.

मागून उघडा मिडरेंज वूफरच्याच पोकळीत बसवलात, तर वूफर आत येताना दाबलेली हवा मिडरेंजचा कोन बाहेर ढकलील. त्याला स्वतंत्र बंद कप्पा हवा. सहा इंची पीव्हीसी नळाचा २० सेंमी लांबीचा, मागून बूच मारलेला तुकडा पुरतो; त्यात सुमारे साडेतीन लिटर जागा मिळते. आत उशीतला कृत्रिम धागा सैलसर भरा. कप्प्यातील हवाही स्प्रिंगचेच काम करते, त्यामुळे अनुस्पंदन कंप्रता थोडी वर सरकते. ६० ची ८५-९० झाली, तरी १२५ च्या आतच आहे. म्हणून वरचे मोजमाप स्पीकर कप्प्यात बसवून पुन्हा एकदा करावे.

जोडणी पक्की करण्यापूर्वी दीड व्होल्टचा सेल वूफरला आणि मिडरेंजला क्षणभर लावून पाहा (ट्वीटरला लावू नका). ज्या टोकाला धन जोडले असता कोन बाहेर येतो, तेथे लाल खूण करा. एकदा लाल खुणा सारख्या जोडून आणि एकदा मिडरेंजची टोके उलटवून ५०० हर्ट्‌झचा स्वर ऐका. ज्या जोडणीत आवाज भरदार लागेल ती ठेवा आणि डाग द्या.