देहाची आठवण

उत्तर अटलांटिक महासागरात फेरो नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. त्यावर डेन्मार्कचे राज्य होते. १८४६ साली कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर गोवराची साथ तेथे येऊन पोहोचली. सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० हून अधिक लोक अंथरुणास खिळले. बाळगोपाळच नव्हे, तर धट्टेकट्टे कोळी आणि शेतकरीही तापाने फणफणले.

डेन्मार्कच्या सरकारने पीटर पानुम या तरुण डॉक्टरास तेथे धाडले. गावोगाव फिरताना त्यास एक नवल दिसले. तरुण माणसे आडवी झाली असता काही वृद्ध मात्र खुशाल होते. चौकशीअंती उलगडा झाला. तेथे पूर्वी गोवर आला होता तो १७८१ साली, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी. त्या वेळी ज्यांना तो झाला होता, अशा ९८ वृद्धांची पानुमने नोंद केली. त्यांपैकी एकासही तो पुन्हा झाला नाही. पूर्वी न झालेल्या वृद्धांना मात्र संसर्ग होताच त्याने गाठले.

याचे कारण काय? आपल्या रक्तात असंख्य पांढऱ्या पेशी पहारा करीत असतात. त्यांपैकी मोजक्याच पेशींना गोवराचा विषाणू ओळखता येतो. त्या एकीच्या अनेक होतात आणि विषाणूला जखडणारी प्रतिपिंडे निर्माण करतात. या तयारीस काही दिवस लागतात. तोवर रोग बळावतो. युद्ध संपल्यावर बहुतेक सैनिक पेशी नाहीशा होतात. परंतु काही स्मरणपेशी मागे राहतात. तोच शत्रू पुन्हा आला, की त्या त्यास तत्काळ ओळखतात आणि रोगाला डोके वर काढू देत नाहीत.

मग सर्दी पुनःपुन्हा का होते? सर्दीचे विषाणू अनेक जातींचे असतात. एकाची ओळख दुसऱ्याच्या वेळी फारशी उपयोगी पडत नाही. गोवराचे रूप मात्र सहसा पालटत नाही.

म्हणून मुलांना गोवर होऊ द्यावा काय? मुळीच नाही. त्या साथीत शंभराहून अधिक माणसे दगावली. शिवाय गोवर हा इतर रोगांविषयीची देहाची आठवणही पुसून टाकतो, असे २०१९ सालच्या संशोधनात आढळले. १९६३ पासून गोवराची लस उपलब्ध आहे. तीत दुर्बल केलेला विषाणू असतो. तो देहास शत्रूची ओळख करून देतो, पण घात करीत नाही. भारतात बालकांना ही लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकदा आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा देतात.

फेरो बेटांवरील वृद्धांनी जे संरक्षण दुखणे सोसून मिळवले, ते आज सुईच्या टोचणीने लाभते. ती टोचणी चुकवणे शहाणपणाचे नव्हे.

स्वाध्याय
१. पानुमला कोणते नवल दिसले? त्याचा उलगडा कसा झाला?
२. गोवर पुन्हा होत नाही, पण सर्दी होते. का?
३. ‘देहाची आठवण’ हे शीर्षक कसे योग्य आहे, ते सांगा.