पायाळू गर्भ, भूल आणि खर्चाचा हिशेब

प्रसूतीचे दिवस जवळ येताच बहुतेक बाळांचे डोके खाली येते. सुमारे ३ ते ४ टक्के बाळे मात्र पायाळूच राहतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या २६ देशांतील चाचणीनंतर अशा मातांसाठी नियोजित सिझेरियनचा मार्ग अनेक देशांत रूढ झाला. परंतु गर्भाशयावरील व्रण पुढील प्रत्येक गर्भारपणात जोखीम वाढवतो, आणि पुढची प्रसूती सुसज्ज रुग्णालयात होईलच याची खात्री खेड्यातील स्त्रीला नसते. म्हणूनच पोटावरून हाताने दाब देऊन बाळ फिरवण्याच्या पद्धतीचा विचार आवश्यक ठरतो.

भूल कशासाठी?

साधारणतः ३७व्या आठवड्यात, गर्भाशय सैल करणारे औषध देऊन व बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून हा प्रयत्न केला जातो. वेदनेमुळे पोटाचे स्नायू ताठरले की तो फसतो. कण्यातून भूल दिल्यास हा अडथळा कमी होतो. ९ चाचण्यांतील ९३४ स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात यशाचे प्रमाण भुलीविना ४३ टक्के, तर भुलीसह ५८ टक्के आढळले. म्हणजेच साधारण सात स्त्रियांना भूल दिल्यास एक बाळ जास्तीचे फिरते. मात्र भुलीने रक्तदाब उतरू शकतो. शिवाय वेदना हा अतिरिक्त दाबाचा इशाराही असतो.

दुर्मीळ काय?

भारतात सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मधील ८.५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत केली. कुटुंबाचा भार हलका झाला, तो सरकारी तिजोरीने उचलला. येथे खरी टंचाई औषधाची नसून भूलतज्ज्ञाच्या वेळेची आहे. तथापि बाळ फिरवताना सुमारे दोनशेत एकीला तातडीचे सिझेरियन लागू शकते; त्यामुळे भूलतज्ज्ञ आवारात नसेल तेथे हा प्रयत्न करूच नये. तो हजर असेल, तर भुलीचा वाढीव खर्च फारसा उरत नाही.

यातून व्यवहार्य क्रम असा दिसतो : पहिला प्रयत्न भुलीविना, तो फसल्यास किंवा वेदना असह्य झाल्यास, मातेच्या संमतीने, दुसरा भुलीसह. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही याच दिशेची आहेत. अर्थात, बाळ पायाळू आहे हे वेळेत कळणे ही पहिली पायरी होय. २०१६ पासून दरमहा ९ तारखेला होणाऱ्या मोफत तपासणीत नवव्या महिन्यातील प्रत्येक पोट काळजीपूर्वक तपासले गेले, तरच पुढचा सारा हिशेब अर्थपूर्ण ठरेल.