अवरक्त किरण आणि पिलांची ऊब

सूर्यप्रकाशात सात रंग असतात हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या रंगांच्या बाहेरही सूर्याचे किरण असतात, हे १८०० सालापूर्वी कोणास माहीत नव्हते. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतील हॅनोवरचा वादक. इंग्लंडात स्थायिक होऊन त्याने १७८१ साली युरेनस ग्रह शोधून काढला. सूर्य पाहताना तो दुर्बिणीला निरनिराळ्या रंगांच्या काचा लावी. काही काचांतून उजेड बेताचाच येई, पण उष्णता फार जाणवे. काहींतून नेमके उलट. हे कोडे उलगडण्यासाठी १८०० साली त्याने लोलकातून सूर्यकिरण सोडून रंगपट्टा पाडला आणि फुग्याला काळा रंग दिलेला तापमापक एकेका रंगात ठेवला. जांभळ्यात पारा सुमारे २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात सुमारे ३, तर तांबड्यात जवळजवळ ७. नंतर तांबड्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे तापमापक ठेवला तो पारा आणखी वर गेला. हेच अवरक्त किरण होत.

तापलेली भिंत, पेटलेली शेगडी, गुराचे अंग, सर्वांतून हे किरण कमीअधिक बाहेर पडतात. अंगास न लावता ताप मोजणारा तापमापक आणि पिकांची स्थिती टिपणारे उपग्रह यांवरच चालतात. कुक्कुटपालकाचा मात्र त्यांच्याशी संबंध येतो तो पिलांना ऊब देणाऱ्या २५० वॅटच्या दिव्यामुळे.

हे किरण हवेस फारसे न तापविता ज्यावर पडतात त्यास तापवितात. म्हणून तापमापक भिंतीवर टांगून उपयोग नाही. तो दिव्याखाली पिलांच्या पाठीच्या उंचीवर धरावा. पहिल्या आठवड्यात तेथे सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे व पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी उतरवावे. दिवा प्रथम तुसाच्या गादीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंच टांगून नंतर हळूहळू वर घ्यावा.

दिव्याच्या तांबूस उजेडावरून उष्णतेचा अंदाज बांधणे ही नेहमीची चूक होय. विजेचा दाब उतरला म्हणजे दिवा अधिक तांबडा दिसतो, पण ऊब कमीच झालेली असते. खरा अंदाज पिले देतात. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी आहे. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्णता अधिक. सर्वत्र पसरून दाणा टिपीत असली तर ठीक.

मोठा धोका आगीचा. दिवा विजेच्या तारेवर लोंबकळता ठेवला आणि तार निसटून तो गादीवर पडला, तर कोरडे तूस पाहता पाहता पेट घेते व सारी खोली जाते. दिवा साखळीनेच टांगावा, शिवाय दुसरी साखळी आधारास असावी. होल्डर प्लॅस्टिकचा नव्हे, चिनी मातीचा घ्यावा. तापलेल्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाल्यास ती तडकते. पाण्याची भांडी दूर ठेवावीत.

डोळ्यांचेही जपावे. हे किरण दिसत नसल्याने पापणी आपोआप मिटत नाही; काचभट्टीसमोर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांस मोतीबिंदू होत असे तो यामुळेच. दिव्याकडे जवळून टक लावून पाहू नये.

वीज गेल्यावर पिले गठ्ठ्याने दबून गुदमरतात. अशा वेळी कोळशाची शेगडी आणल्यास वरची झरोकी उघडी ठेवावी, कारण तिचा विषारी वायूही डोळ्यांस दिसत नाही.