माका : ओळख व लागवड

भिवंडी तालुक्यांत भातखाचरांच्या बांधांवर, पाटाच्या कडेस व विहिरीजवळच्या ओलींत आपोआप उगवणारें माक्याचें रोप बहुतेक शेतकऱ्यांस नांवानें ठाऊक आहे. बेणणीच्या वेळीं तें उपटून फेंकलें जातें, आणि भाद्रपदांत पितृपक्ष आला म्हणजे श्राद्धासाठीं तेंच शोधीत हिंडावें लागतें. वैद्यकांत यासच भृंगराज म्हणतात. केसांच्या तेलांत याचा रस पडतो व वनौषधींचे व्यापारी वाळलेला पाला विकत घेतात. परंतु या मालांत भेसळ फार, आणि ती पुष्कळदां लबाडीची नसून अज्ञानाची असते. कापणारा मजूर दोन-तीन जातींचा पाला एकाच भाऱ्यांत बांधतो; पारखी खरेदीदार भारा सोडून पाहतो व सगळाच माल परत करतो. यास्तव लागवडीपूर्वीं ओळख पक्की झाली पाहिजे.

माका सूर्यफुलाच्या कुळांतील होय. शास्त्रांत यास एक्लिप्टा प्रोस्ट्राटा म्हणतात. जुन्या पुस्तकांत एक्लिप्टा आल्बा असें नांव आढळतें. खोड बहुधा तांबूस, त्यावर बारीक पांढरी, खरखरीत लव. जमिनीस टेकलेल्या पेऱ्यांस मुळें फुटतात. पानें समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाचीं, भाल्याच्या पात्यासारखीं लांबट. पानाच्या बगलेंतून निघालेल्या लहान दांड्यावर सदऱ्याच्या गुंडीएवढें पांढरें फूल येतें. खरें पाहतां तो अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ आहे, पण शेतावर त्यास फूल म्हटल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

आमच्या भागांत घोटाळा होतो तो खाचराच्या चिखलांत उभ्या असणाऱ्या दुसऱ्या एका रोपामुळें. यासही कित्येक लोक माकाच म्हणतात. शास्त्रीय नांव सीझुलिया ॲक्झिलारिस. याचें फूल पांढरें किंवा फिकट जांभळें असून दांड्यावांचून खोडास चिकटलेलें असतें, आणि पानें एकाआड एक येतात. पानें समोरासमोर कीं एकाआड एक, एवढें पाहिलें कीं वाद मिटला. हद्दीचा वाद इतक्या लवकर मिटलेला आम्हीं कचेरींत कधीं पाहिला नाहीं!

दगडी पाला मूळचा अमेरिकेकडील. त्याचें एकच फूल चांगल्या वीतभर उंच दांड्यावर डुलतें, मध्यभाग पिवळा असतो व बियांस पिसें असल्यानें त्या वाऱ्यावर उडतात. माक्याच्या बियांस पिसें नसतात. पिवळ्या फुलाचा तो पिवळा माका, निराळी जात. त्याचा भारा निराळाच बांधावा. गाजर गवताचीं पानें गाजराच्या पाल्यासारखीं कातरलेलीं असतात. तें भाऱ्यांत आलें तर हाताळणाराच्या अंगास खाज सुटते.

तरीही शंका राहिल्यास पाला तळहातावर चुरगळून रस पांढऱ्या फडक्यावर चोळावा. माक्याचा डाग प्रथम हिरवट दिसतो व थोड्याच वेळांत काळा पडूं लागतो.

लागवडीस कष्ट थोडे आहेत. वाळलेलीं बोंडें हातांत चोळून बीं काढावें, बारीक वाळूंत मिसळावें व पावसाच्या आरंभीं ओल्या वाफ्यावर नुसतें पसरावें. या बियांस उजेड लागतो. मातीखालीं गाडलें तर उगवण नीट होत नाहीं. महिन्याभरानें रोपें हातभर अंतरावर लावावीं. पेऱ्यांचे तुकडे लावले तरी लागतात. जागा ओलसर पाहिजे, उन्हाची असली तरी चालेल. फुलें येऊं लागतांच, बीं धरण्याआधीं, जमिनीपासून चार बोटें ठेवून कापणी करावी. पुन्हां फूट येते.

आतां मुख्य सावधगिरीची गोष्ट. माका भातांतील तणच आहे. त्याचें बीं पाण्याबरोबर वाहून खालच्या खाचरांत जातें, आणि तें खाचर पुष्कळदां भाऊबंदाचें असतें. चार पैशांच्या पाल्यासाठीं शेजाऱ्याच्या बेणणीची मजुरी वाढविणें न्यायाचें नव्हे. तेव्हां वाफा सर्वांत खालच्या अंगास, ज्याचें पाणी दुसऱ्याच्या भातांत शिरत नाहीं अशा ठिकाणीं घ्यावा. बियाण्यापुरतीं चार रोपें राखून बाकी एकही बोंड पिकूं देऊं नये.

दुसरें असें कीं, भिवंडी यंत्रमागांचें गांव. रंगाईचें व कारखान्यांचें पाणी ज्या नाल्यांत येतें, त्याच्या कांठीं माका मोठा तजेलदार दिसतो. तो औषधासाठीं कापूं नये. जमिनींतील व पाण्यांतील विषारी धातू वनस्पति शोषून घेतात, आणि पाला वाळविल्यानें ते जात नाहींत. ज्या पाण्यांत आपलीं गुरें उतरवणार नाहीं, त्या पाण्याचा पाला लोकांच्या औषधांत कां जावा?

विक्रीविषयीं इतकेंच कीं, ओल्या भाऱ्याच्या वजनावरून पैशाचा अंदाज बांधूं नये. पाला वाळल्यावर फारच हलका होतो. लावण्यापूर्वीं खरेदीदारास नमुना दाखवून भाव व माल घेण्याची खात्री लेखी घ्यावी. वनौषधींच्या लागवडीसाठीं केंद्र सरकारनें 2000 सालीं राष्ट्रीय औषधी वनस्पति मंडळ स्थापिलें आहे. योजनांची चौकशी तालुक्याच्या कृषि कचेरींत करावी. प्रथम वर्षीं अर्ध्या गुंठ्याहून अधिक जागा गुंतवूं नये.

कापलेला पाला धुऊन सावलींत, वारा खेळेल अशा माळ्यावर पातळ पसरावा व रोज एकदां हलवावा. ढीग केल्यास आंतून तापतो व बुरशी धरतो. देठ कट्कन मोडूं लागला म्हणजे कोरड्या गोणींत भरून, फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावा.