वारा आणि नवशिका वैमानिक

विद्यार्थिमित्रहो, पोलादपुराहून आंबेनळी घाट चढतांना दरीवर पंख पसरून एकाच जागीं तरंगणारी घार तुम्हीं पुष्कळदां पाहिली असेल. तिचें तोंड वाऱ्याकडे असतें. आपणांस ती स्थिर भासते. परंतु हवेच्या मानानें ती वेगानें पुढें जात असते. रेडिओच्या साहाय्यानें विमानाची लहान प्रतिकृति उडवूं इच्छिणारानें हा धडा प्रथम मनांत ठसवावा.

विमानास तोलून धरणारें बल पंखांवरून वाहणाऱ्या हवेपासून मिळतें. खालची जमीन किती वेगानें मागें सरते, ह्याच्याशीं त्याचा संबंध नाहीं. ता. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंतील राइट बंधूंचें विमान पहिल्या उड्डाणांत १२ सेकंदांत अवघें १२० फूट गेलें. म्हणजे ताशीं सुमारें ११ किलोमीटर. एवढ्या वेगानें तर माणूसही धावतो! मग तें उडालें कसें? समोरून ताशीं ३० किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा येत होता. त्यामुळें पंखांस ४० हून अधिक वेग मिळाला.

आतां आपल्या प्रतिकृतीचा हिशेब करूं. तिचा हवेंतील वेग ताशीं ४० किलोमीटर व वाऱ्याचा २० धरा. वाऱ्याबरोबर ती ६० च्या वेगानें जाईल, वाऱ्याविरुद्ध २० च्या. ३०० मीटर दूर जाण्यास १८ सेकंद, तर परतण्यास ५४ सेकंद लागतील. म्हणून नवशिक्यानें विमान सदैव वारा येतो त्या बाजूस, आपल्यासमोर ठेवावें. पाठीमागें वाहवत गेलेलें विमान बॅटरी संपण्यापूर्वीं परतेलच असें नाहीं.

खरा घात वळणावर होतो. विमान वाऱ्याबरोबर वळतांच तें सुसाट सुटल्यासारखें दिसतें. नवशिका घाबरून मोटर मंद करितो किंवा नाक वर ओढतो. वेग जमिनीच्या मानानें वाढलेला असतो, हवेच्या मानानें नव्हे. तो आणखी घटतांच पंखांचें बल नाहींसें होतें व विमान कोसळतें. अशा वेळीं मोटरचा जोर तसाच ठेवून वळण रुंद घ्यावें.

उतरतांनाही नाक वाऱ्याकडेच असावें. जमिनीजवळ वारा मंद असतो. खालीं येतां येतां समोरचा वारा कमी झाला कीं पंखांवरील हवेचा वेगही घटतो. म्हणून जमिनीस टेकेपर्यंत मोटर थोडी चालू ठेवावी.

आपल्या भागांत उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळीं हवा बहुधा शांत असते व दुपारीं पश्चिमेकडून खारा वारा सुटतो. तेव्हां पहिले धडे सकाळीं घ्यावे. हात बसल्यावर मंद वाऱ्यांत उतरावें. पोलादपुराकडे डोंगराच्या आडोशास वारा थांबला आहे असें समजूं नये. सावित्रीच्या पात्रांत खडकामागें पाणी जसें भोंवरे घेतें, तसा तेथें वारा घेतो.

जागा म्हणून भातकापणीनंतरचें मोकळें शेत, मालकाच्या परवानगीनें, निवडावें. महामार्ग, विजेच्या तारा, माणसें व गुरें ह्यांपासून दूर. सरकारच्या २०२१ च्या ड्रोन-नियमांनुसार केलेल्या नकाशांत आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे विभाग दाखविले आहेत, तोही आधीं पाहावा.

मित्रहो, विमान मोडलें तर पुन्हां जोडतां येईल. पण कोसळणारें विमान दुसऱ्याच्या अंगावर पडलें तर? म्हणून वारा आपल्या शक्तीबाहेरचा वाटला, तर त्या दिवशीं विमान पेटींतच ठेवून घरीं परतावें. हें कळणें, हाही ह्या विद्येचाच भाग आहे.